हिऱ्याला मोड नाही

वऱ्हाडातली बाई दागिना घेताना दोन गोष्टी विचारते: आज भाव काय, आणि उद्या मोडला तर किती येतील. दुसऱ्या प्रश्नाला वजन जास्त. सोयाबीन पिवळे पडले, दवाखान्याचे काम निघाले, पोराच्या कॉलेजची फी आली किंवा पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे कमी पडले, की एकदाणी नाहीतर पोत रुमालात बांधायची, वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या किंवा खुद्द वाशिमच्या सराफाकडे जायचे आणि दुपारपर्यंत पैसे घेऊन परतायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तांड्यावरच्या गोरमाटी बायांची चांदीची हांसळीही याच वाटेने जात-येत राहिली. दागिना इथे शृंगाराआधी बँक आहे, आणि तिचे पासबुक बाईच्या गळ्यात असते.

या बँकेत अलीकडे एक नवी वस्तू जमा होऊ लागली आहे. साक्षगंधाला मुलीच्या बोटात घालायची अंगठी हिऱ्याची हवी, मंगळसूत्राचे पेंडल हिऱ्याचे हवे, नवरदेवाच्या अंगठीतही एखादा खडा हवा. मोबाइलवर डिझाइन पाहायचे आणि वाशिम, पुसद, अकोला, नांदेडच्या काचेच्या दुकानांत जाऊन ते घ्यायचे. हौसेबद्दल तक्रार नाही. लग्नात हौस नाही करायची तर कधी करायची. पण ही वस्तू मोडायला गेल्यावर काय होते, तिची किंमत मुळात कोण ठरवतो आणि ती कुणाच्या कष्टातून, कधी कुणाच्या रक्तातून इथवर येते, हे एकदा नीट पाहून घेण्यासारखे आहे.

आधी मोड. हिऱ्याची अंगठी मोडायला आली की जुना सराफ काय करतो ते पेढीवर बसून पाहावे. तो आधी डोळ्याला भिंग लावून आतल्या बाजूचा 750 चा शिक्का वाचतो. म्हणजे सोने अठरा कॅरटचे, हजारात साडेसातशे भाग. मग कसोटीच्या दगडावर घासून कस पाहतो. मग चिमट्याने खड्यांभोवतीचे दात एकेक करून उचलतो, बारीक खडे पांढऱ्या कागदावर काढतो, राहिलेले सोने काट्यावर ठेवतो आणि कागदाची पुडी करून बाईकडे सरकवतो. “ताई, हे खडे तुमचे तुमच्यापाशीच ठेवा. मले यातलं काई समजत नाई.”

यात त्याची लबाडी नाही. त्याच्याकडे असलेच तर हिरा तपासायचे खिशातले यंत्र असते. ते खडा हिरा आहे की अमेरिकन डायमंड, एवढे सांगते. खाणीतला की कारखान्यातला हे सांगत नाही, कारण रसायन म्हणून दोन्ही एकच आहेत, शुद्ध कार्बन. शिवाय दोन-तीन सेंटचे (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) बारीक खडे घेऊन त्याने ते विकायचे कुठे? सोने तो वितळवून उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची पोत घडवील. खड्यांना तालुक्याच्या बाजारात घेणारा नाही. बिलात निम्म्याच्या घरात असलेली रक्कम अशी पुडीत बांधून घरी परत येते.

हिशेब करून पाहू. समजा, शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला 1,20,000 रुपये आहे. अंगठीत अठरा कॅरटचे तीन ग्रॅम सोने आहे, म्हणजे शुद्ध सोने सव्वादोन ग्रॅम, 27,000 रुपयांचे. खडे मिळून तीस सेंट, आणि दुकानाचा दर कॅरटला 80,000 धरला तर 24,000 रुपये. घडणावळ 5,000. बेरीज 56,000, त्यावर तीन टक्के जीएसटी, एकूण 57,680. ही अंगठी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या सराफाकडे मोडली आणि त्याने तीन टक्के तूट धरली, तर हातात येतात सुमारे 26,200. तेवढ्याच पैशांत दहा टक्के घडणावळीची बावीस कॅरटची साधी, बिनखड्याची अंगठी घेतली असती तर साडेचार ग्रॅमच्या थोडी वरच बसली असती, आणि तेवढीच तूट धरूनही 49,000 च्या पुढे आले असते. फरक 23,000 रुपयांचा. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. त्या भावाने हे चार क्विंटलच्या वर सोयाबीन झाले. हमीभावाने सोयाबीन विकायला अनसिंगच्या शेतकऱ्याला किती खटाटोप करावा लागतो, तो विषय वेगळा.

दुकानदार म्हणतो, आम्ही परत घेतो ना. घेतात, पण बहुतेक ठिकाणी त्याच दुकानाने, मूळ बिल आणि प्रमाणपत्र दाखवल्यावर, आणि रोखीपेक्षा बदली दागिन्याच्या रूपात. अडचणीच्या दिवशी बदली दागिना कुणाला हवा असतो? बँकेतही हाच प्रकार. सोनेतारण कर्जाला दागिना नेला की बँकेचा सोनार खड्यांचे वजन वजा करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दागिन्यातल्या सोन्याचीच किंमत धरायची असते. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाची मर्यादा तारणाच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत वाढवली. शेतकऱ्याच्या घराला हा मोठा दिलासा, पण हिऱ्याच्या वाट्याला त्यातला एक रुपयाही नाही. बँकेच्या लेखी तो दागिन्याला चिकटलेला कचरा आहे.

मग दुकानातली ती कॅरटला ऐंशी हजारांची किंमत येते कुठून?

एके काळी हिरा खरोखर दुर्मीळ होता, आणि तो आपल्याकडचा होता. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश जवळपास एकटा भारतच. गोवळकोंड्याचे नाव सगळे घेतात. पण अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे, हे वऱ्हाडी माणसालाही सहसा ठाऊक नसते. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. खाण इतिहासजमा झाली, किल्ला उरला. त्र्यंबकेश्वराच्या शिवाचा म्हणून ओळखला जाणारा नासक हिरा 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर ईस्ट इंडिया कंपनीने घेतला, लंडनला नेला आणि विकला. 1837 मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने घेतला, 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने. देवाच्या ठेवीतून निघालेल्या त्या हिऱ्याचे वजन तेव्हा नव्वद कॅरटच्या आसपास होते. पुन्हा पुन्हा पैलू पाडता पाडता आज ते 43.38 कॅरट आहे. हिऱ्याच्या नीतीची चर्चा आफ्रिकेपासून सुरू करण्याची पद्धत आहे. मराठी माणसाने ती त्र्यंबकेश्वरापासून केली तरी चालेल.

दुर्मीळपणा संपला तो 1870 च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेत किंबर्लेला खाणी लागल्या तेव्हा. जगभरात वर्षाला काही किलो निघणारी वस्तू टनांनी निघू लागली. भाव कोसळणार हे दिसल्यावर सेसिल ऱ्होड्सने एकेक खाण विकत घेत 1888 मध्ये डी बीअर्स कंपनी उभी केली. पुढे अर्नेस्ट ओपनहायमरने विक्रीही एकाच हाती आणली. माल जास्त झाला की खाण बंद ठेवायची, बाहेरच्यांचा माल आपणच विकत घेऊन तिजोरीत टाकायचा, आणि ठरावीक व्यापाऱ्यांना वर्षातून दहा वेळा बोलावून पेटीभर कच्चा माल, सांगू त्या भावाने, घ्या नाहीतर जा म्हणून द्यायचा. कापूस-सोयाबीनवाल्याला हे ऐकून हेवाच वाटेल. आपला माल जास्त आला की भाव पडतो. यांचा माल जास्त आला तरी भाव पडत नसे.

पुरवठा असा मुठीत आल्यावर मागणी तयार करायची उरली होती. 1938 मध्ये डी बीअर्सने अमेरिकेतल्या एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात कंपनीला काम दिले. प्रेमाचे माप म्हणजे हिऱ्याचा आकार, ही समजूत सिनेनट्यांच्या बोटांतून, वृत्तपत्रांच्या बातम्यांतून, शाळा-कॉलेजातल्या व्याख्यानांतून पेरली गेली. 1947 मध्ये फ्रान्सिस गेरेटी नावाच्या लेखिकेने ती प्रसिद्ध ओळ लिहिली, जी नव्वदच्या दशकात आपल्या टीव्हीवर ‘हीरा है सदा के लिए’ म्हणून आली. (ही गेरेटी स्वतः जन्मभर अविवाहित राहिली.) सदा के लिए यात नुसते प्रेम नाही, व्यापारही आहे. लोकांनी घरातले हिरे विकायला काढले तर बाजारात इतका माल येईल, की नव्या हिऱ्याला भाव राहणार नाही. म्हणून तो विकायचा नसतो, जपायचा असतो, हे मनावर ठसवणे कंपनीच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. एडवर्ड जे एपस्टीन या पत्रकाराने 1982 मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक मासिकात हे सगळे प्रकरण उघडे केले. त्याच्या लेखाचे शीर्षकच विचारत होते, तुम्ही कधी हिरा विकून पाहिलात का? त्याच लेखात जपानचे उदाहरण आहे. 1967 मध्ये हिऱ्याची अंगठी मिळणाऱ्या जपानी नवऱ्या शंभरात पाचही नव्हत्या. 1981 पर्यंत त्या साठाच्या घरात गेल्या. जिथे अशी चालच नव्हती तिथे चौदा वर्षांत चाल पडली. साक्षगंधाच्या हिऱ्याला आपण ‘आजकालची पद्धत’ म्हणतो, ती पद्धतही अशीच आणून बसवलेली आहे.

आपल्याकडे ती बसायला मदत केली ऑस्ट्रेलियाने. 1980 च्या दशकात तिथल्या आर्गाइल खाणीतून बारीक, तपकिरी हिऱ्यांचा लोंढा निघाला. युरोपातल्या कारागिरांच्या मजुरीत त्यांना पैलू पाडणे परवडत नव्हते. सुरतेत परवडले. बारीक खड्यांच्या जोरावर हिऱ्याचा दागिना राजेरजवाड्यांकडून मध्यमवर्गाकडे आला आणि मग तालुक्याच्या गावी पोचला. आर्गाइल खाण 2020 मध्ये बंद झाली. पाडलेली सवय राहिली. डी बीअर्सचीही मक्तेदारी सरली. औद्योगिक हिऱ्यांचे भाव संगनमताने ठरवल्याचा गुन्हा कंपनीने 2004 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केला आणि एक कोटी डॉलर दंड भरला. भाव ठरवणारा गेला, पण त्याने लावून दिलेली समजूत दुकानादुकानांतून चालूच आहे.

किंमत किती ताणता येते, याचा नमुना पाहायला मुंबईतच जावे लागते. फेब्रुवारी 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा बाहेर आला. नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी या हिरेव्यापारी मामा-भाच्यांवर सुमारे तेरा-चौदा हजार कोटींच्या फसवणुकीचे आरोप आहेत. मोदीच्या अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी तिथल्या दिवाळखोरी न्यायालयाने नेमलेल्या तपासनिसाने त्याच वर्षी अहवाल दिला. त्यात 2011 मधल्या एका सव्वातीन कॅरटच्या पिवळसर नारिंगी हिऱ्याची हकीकत आहे. तो एकच हिरा सुमारे पाच आठवड्यांत चार वेळा देशोदेशी ‘विकला’ गेला, आणि कागदावरची त्याची किंमत एकदा अकरा लाख डॉलरच्या आसपास, तर दुसऱ्यांदा 1,83,000 डॉलर होती. सोन्याच्या बिस्किटाबाबत हे करून दाखवा. सोन्याचा भाव सकाळच्या पेपरात छापून येतो आणि अनसिंगची शाळकरी पोरगीही तो वजनाने गुणून पाहू शकते. हिऱ्याचा भाव वजन, रंग, स्वच्छता, पैलू या चार गोष्टींवर ठरतो, आणि चारांपैकी वजन सोडले तर बाकीच्या तीन गोष्टी पाहायची नजर गिऱ्हाइकाकडे नसते. जिथे माल पारखता येत नाही तिथे विकणाऱ्याच्या शब्दावरच किंमत मोजावी लागते.

आता रक्ताचा भाग. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 यादवी चालली. बंडखोर खाणी बळकावत, हिरे विकून शस्त्रे घेत, आणि गावकऱ्यांचे हात तोडत. अंगोलातही हिऱ्यांवर युद्ध पोसले गेले. लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर याला सिएरा लिओनमधल्या अत्याचारांतल्या वाट्याबद्दल 2012 मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. ‘ग्लोबल विटनेस’ या संस्थेने 1998 मध्ये अंगोलाच्या हिऱ्यांवर अहवाल काढल्यावर व्यापाराला जाग आली, आणि 2003 पासून ‘किंबर्ले प्रक्रिया’ सुरू झाली: कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर, तो माल संघर्षमुक्त असल्याचा सरकारी दाखला. भारत तिचा सुरुवातीपासूनचा सदस्य आहे. 2008 आणि 2019 मध्ये अध्यक्षपदही भारताकडे होते.

दुकानात आपल्याला जे ‘कॉन्फ्लिक्ट फ्री’ सांगितले जाते ते एवढ्याच आधारावर, आणि हा आधार फार आखूड आहे. व्याख्येप्रमाणे संघर्षाचा हिरा म्हणजे बंडखोरांनी सरकारविरुद्ध लढण्यासाठी विकलेला कच्चा हिरा. सरकारच्याच लष्कराने माणसे मारली तर? 2008 मध्ये झिंबाब्वेच्या मारांगे भागात लष्कराने खाणीवरच्या लोकांवर गोळ्या चालवल्या; ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार दोनशेच्या वर माणसे गेली. व्याख्येत ते बसले नाही, आणि 2011 मध्ये त्या हिऱ्यांच्या निर्यातीला परवानगी मिळाली. ज्या ग्लोबल विटनेसने ही व्यवस्था उभी राहावी म्हणून जिवाचे रान केले होते, तीच त्या डिसेंबरात तिच्यातून बाहेर पडली. शिवाय दाखला मिळतो कच्च्या मालाच्या खेपेला. पैलू पडून, चाळणीने आकारवार वेगळे होऊन, हजारो खड्यांत मिसळलेल्या दोन सेंटच्या खड्याला गाव राहत नाही. आपल्या अंगठीतले बारा खडे बारा खाणींचे असू शकतात. माझे स्पष्ट मत आहे की बारीक खड्यांच्या दागिन्याबाबत ‘नैतिक हिरा’ या शब्दांचे जास्तीचे पैसे कुणी मागितले तर देऊ नयेत. तो शब्द खरा आहे की खोटा, हे सांगणाऱ्यालाही ठरवता येत नाही.

म्हणून हिरे घेणेच पाप, असेही नाही. बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अगदी गरीब देशांत होता. दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. सरकारने डी बीअर्सशी भागीदारीत कंपनी काढली, पुढे तिच्यात निम्मा वाटा मिळवला आणि त्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने केले. आता जगात खाणीच्या हिऱ्याची मागणी घटल्याने सर्वात मोठा फटका याच देशाला बसतो आहे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात पन्नाला आठ मीटर बाय आठ मीटरचा तुकडा वर्षाला 200 रुपयांत खोदायला मिळतो. सापडलेला हिरा सरकारी कार्यालयात जमा करायचा, लिलाव झाला की रॉयल्टी कापून पैसे आपले. एखाद्याला लाखांचा खडा मिळाल्याची बातमी येते. शेकडो लोक पावसाळ्यापर्यंत माती धुऊन रिकाम्या हाताने परततात. त्यांचे फोटो पेपरात येत नाहीत.

आणि मग सुरत, जिच्याकडे आपले लक्ष आफ्रिकेपेक्षा आधी जायला हवे, कारण जगात पैलू पडणाऱ्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू तिथे पडतात. तिथला कारागीर, ज्याला कागदावर ‘रत्नकलाकार’ म्हणतात, घंटीवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसतो. मजुरी बहुतेक नगावर. मंदी आली की काम कमी, काम कमी की पैसे कमी, दिवाळीची सुट्टी लांबते ती लांबतच जाते. बऱ्याच जणांना भविष्य निर्वाह निधी नाही की नेमणुकीचा कागद नाही. 17 डिसेंबर 2023 रोजी तिथे 67 लाख चौरस फुटांच्या डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. पुढच्याच जुलैत कारागिरांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी हेल्पलाइन सुरू करावी लागली. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयात कर लावला, त्यात उरलेसुरले काम आणखी आटले. आत्महत्या, कर्ज, हेल्पलाइन हे शब्द वाशिम जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाहीत. पश्चिम विदर्भातले शेत आणि सुरतेची घंटी, दोन्हीकडे राबणाऱ्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येत नाही. दुकानातल्या ऐंशी हजारांपैकी घंटीवर बसणाऱ्याच्या वाट्याला जे येते, त्याला हिऱ्याची किंमत म्हणायचे धाडस होत नाही.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. सुरतेत पैलू पडलेला माल मुंबईत येतो: आधी ऑपेरा हाऊसच्या अरुंद गल्ल्यांत, 2010 पासून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. अंधेरीच्या सीप्झमध्ये तो दागिन्यात बसवून परदेशी जातो. 

या सगळ्या जुन्या गणिताला सुरुंग लावला तो कारखान्यातल्या हिऱ्याने. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर 1954 मध्ये हिरा बनला होता. दागिन्यायोग्य माल स्वस्तात निघायला पुढे साठेक वर्षे लागली. आता हिऱ्याची पातळ चकती यंत्रात ठेवून वायूतला कार्बन तिच्यावर थरावर थर चढवतात. काही आठवड्यांत खडा तयार. भारत यात पुढे आहे. जून 2023 मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला; अमेरिकी सरकारने त्याची नोंद 20,000 डॉलर अशी केली. त्या आकाराच्या खाणीतल्या चांगल्या हिऱ्याला याच्या कित्येक पट पडले असते.

डी बीअर्सने आधी या मालाची टर उडवली, मग 2018 मध्ये स्वतःच ‘लाइटबॉक्स’ नावाने तो कॅरटला 800 डॉलरने विकायला काढला, 2024 मध्ये भाव 500 वर आणला, आणि 2025 मध्ये तो धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले. कारण साधे आहे. जी वस्तू यंत्रातून हवी तेवढी निघते तिचा भाव खर्चाच्या दिशेने घसरतच जातो. आज लॅबचा हिरा घेणाऱ्याने दोन वर्षांनी तोच आकार कमी पैशात दिसला तर वाईट वाटून घेऊ नये. खाणीतल्या हिऱ्याचेही भाव त्याच्याबरोबर खाली आले आहेत. डी बीअर्सची बहुतांश मालकी असलेल्या अँग्लो अमेरिकन कंपनीने मे 2024 मध्ये डी बीअर्सपासून मोकळे व्हायचे जाहीर केले. ज्यांनी ‘सदा के लिए’ शिकवले त्यांनाच तो धंदा नकोसा झाला.

लॅबचा हिरा नैतिक का? खाण नाही, बंदूक नाही, हे खरे. पण यंत्रे रात्रंदिवस विजेवर चालतात आणि आपली वीज अजून बरीचशी कोळशाची आहे. पैलू पाडणारे हात तेच, नगावरचे. तो हिरवागार असल्याचा गाजावाजा अर्धाच खरा. चमक हवी असेल, फोटोत दिसायला हवे असेल, तर तो घ्यावा. मात्र पैसे खर्च झाले असे समजून, साठवले असे समजून नव्हे.

इथे कुणीही विचारील, की सोने काय धुतल्या तांदळासारखे आहे? नाही. पारा वापरून सोने वेगळे करणाऱ्या आफ्रिकेतल्या, दक्षिण अमेरिकेतल्या मजुरांचे हाल कमी नाहीत, आणि सोन्याला तर किंबर्लेसारखा आखूड दाखलाही नाही. हॉलमार्कवरचा एचयूआयडी क्रमांक शुद्धता सांगतो, खाण सांगत नाही. शेजारच्या हिऱ्याबद्दल तर तो अवाक्षर काढत नाही. पण आपल्याकडच्या सोन्याला एक जुना गुण आहे. आजीच्या पुतळ्या मोडून आईची पोत होते, पोत मोडून नातीच्या बाळ्या होतात. मोडून घडवायच्या या चालीत नवीन खाणीची गरज पडत नाही. त्या मानाने खेड्यातली जुनी सराफी आजच्या ‘एथिकल ज्वेलरी’च्या दुकानांहून चोख निघते, आणि तिने त्याबद्दल कधी बोर्ड लावला नाही.

या प्रश्नाचा मला सर्वात खुपणारा कोपरा जाहिरातीत नाही, आफ्रिकेतही नाही. तो इथल्या मांडवात आहे. सुनेच्या अंगावर घातलेला दागिना हे तिचे स्त्रीधन. प्रतिभा राणी खटल्यात 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला आहे, की त्यावर पूर्ण हक्क तिचाच. नवऱ्याच्या घरात अडचण आली, किंवा ते घरच सोडायची वेळ आली, तर तिच्या हाती रोख होईल असे तेवढेच असते. शेती तिच्या नावावर नसते, घर नसते. अशा वेळी साक्षगंधाला साठ हजारांची म्हणून मिरवलेली अंगठी मोडीत सव्वीस हजारांची निघते. बिल सासऱ्याने भरले, शाबासकी त्याला मिळाली, तूट मात्र तिच्या नशिबी. हिऱ्याच्या फुगवलेल्या किमतीचा बोजा शेवटी कुणावर पडतो, असे कुणी मला विचारले तर मी त्या मुलीकडे बोट दाखवीन. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना हे माहीत नसते असे नाही. माहीत असूनही पंगतीत ‘डायमंडची आहे’ म्हणायला बरे वाटते.

ज्याला घ्यायचाच आहे त्याने घ्यावा, पण काट्यावर चढवून. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, त्याची शुद्धता, खड्यांचे वजन सेंटमध्ये, त्यांचा दर आणि घडणावळ, प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागावी. खडा खाणीतला की लॅबचा, हे शब्दांत लिहून घ्यावे. परत घेताना रोख देणार की बदली, आणि हिऱ्याचे किती, तेही बिलाच्या मागे सहीनिशी घ्यावे. दुकानदार कुरकुरला तर समजावे, की आपल्याला उत्तर मिळाले. मुलीसाठी म्हणून जे पैसे बाजूला ठेवले आहेत त्यांचे बावीस कॅरटचे, बिनखड्याचे करावे. हिरा हौसेच्या पैशातून, जमेल तेवढाच. आणि दोन्हींचे बिल मुलीच्या नावाने फाडून, साक्षगंधाच्या दिवशीच तिच्या हातात द्यावे.